कर्ण सव्वाआठ हात

तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि तुम्हाला उशीर झालेला आहे.

हे दोन्ही आधी मुकाट्याने मान्य करा. हुद्दा, गुडघेदुखी, घराचा हप्ता हे सगळं मागे राहिलं. इथे तुम्हाला कोणी अहो-जाहो करणार नाही. रात्रभर गच्चीवर लव्हाळ्याच्या चटईवर झोपला होतात, कारण उन्हाळ्यात खालच्या खोलीत जीव घाबरा होतो. आता ऊन थेट पापण्यांवर आलंय आणि आई खालून केव्हाची ओरडतेय. धडपडत उतरता. ती हातात जवाच्या दोन भाकऱ्या कोंबते आणि पाठीत हलकीशी चापट मारून दाराबाहेर ढकलते.

दाराबाहेर म्हणजे वर. गल्लीतले लोक पिढ्यान्‌पिढ्या केरकचरा, राख, माशांचे काटे दाराबाहेरच टाकत आलेत, त्यामुळे गल्ली उंच झालीय आणि घरं खाली राहिलीत. दोन पायऱ्या चढून रस्त्यावर आलात की पहिला दणका नाकाला. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर, सुकी मासळी, तिळाचं तेल, मेंढ्यांची लोकर, आणि या सगळ्यावर तरंगणारा डांबराचा कडवट वास. डांबर इथे सगळीकडे असतं. नावेला, टोपलीला, न्हाणीच्या जमिनीला, जिथे पाणी अडवायचं तिथे डांबर.

गाव निप्पूर. आजच्या इराकमध्ये, बगदादच्या आग्नेयेला. काळ सुमारे ३७५० वर्षांपूर्वीचा. राजा कोण, लढाई कुठे, हे विचारू नका. तुमच्यापुढे त्याहून गंभीर प्रश्न आहे, तो म्हणजे समोरून येणारं गाढव. गल्ली इतकी अरुंद की दोन बाजूंना टोपल्या लादलेलं गाढव आलं की माणसाने भिंतीला पाठ लावायची. भिंत कच्च्या विटांची, सकाळीच कोमट झालेली. गाढवाच्या टोपलीतला कांदा तुमच्या पोटाला घासत जातो. मागून गाढववाला काहीतरी अर्वाच्य बोलतो. दोन्ही बाजूंच्या घरांतून जात्याच्या दगडांची घरघर येतेय. गल्ली वळते तिथे क्षणभर मोकळं आकाश दिसतं आणि त्यात एन्लिल देवाच्या मंदिराचा पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा. तिकडे बघायला वेळ नाही. भाकरी चावत पळा.

शाळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे आलं ते पुसून टाका. पटांगण नाही, घंटा नाही, बाहेर नावाची पाटी नाही. चारचौघांसारखंच घर आहे, दोन-चार लहान खोल्या आणि अंगण. असलं एक घर निप्पूरमध्ये १९५१-५२ साली उत्खननात सापडलं. संशोधकांनी त्याला ‘घर एफ’ असं रुक्ष नाव दिलं. आत लिहिलेल्या मातीच्या पाट्यांचे चौदाशेच्या आसपास तुकडे निघाले, बहुतेक सगळे मुलांच्या गृहपाठाचे. तुम्ही आत्ता ज्या दारातून वाकून आत शिरताय ते त्याच घराचं आहे असं समजा. वाका नीट, चौकट ठेंगणी आहे.

उशिराचा हिशोब दारातच चुकता होतो. छडी वेताची असेल असं तुम्हाला वाटलं होतं. काय आहे ते बघायला तुम्ही वळत नाही. त्या काळची एक सुमेरी कथा आहे, शाळेत मुलांकडून गिरवून घेतली जाणारी. तिच्यातला मुलगा एका दिवसात कशाकशासाठी मार खातो त्याची यादीच आहे: बोलला म्हणून, न विचारता उभा राहिला म्हणून, बाहेर गेला म्हणून, अक्षर वाईट म्हणून, सुमेरी नीट बोलला नाही म्हणून. मारणारी माणसंही वेगवेगळी, प्रत्येक गुन्ह्याला निराळा अधिकारी. हीच गोष्ट मुलांना अक्षर सुधारायला लिहायला द्यायची, म्हणजे मास्तर लोकांना विनोदबुद्धी होती हे मानावं लागतं.

सुमेरीचं दुखणं जरा समजून घ्या. घरी तुम्ही अक्कादी बोलता. आईने सकाळी शिव्या घातल्या त्याही अक्कादीत. सुमेरी आता कोणाच्याच आईची भाषा उरलेली नाही. ती फक्त इथे, या अंगणात, मार खाऊन शिकायची.

आता कोपऱ्यातल्या हौदाकडे या. भाजलेल्या विटांचा, आतून डांबर फासलेला छोटा हौद आहे. त्यात गढूळ पाणी, ओली माती, आणि कालच्या पाट्यांचे विरघळत चाललेले तुकडे. हात घाला. वर पाणी गरम आहे, तळाशी गार. बोटांना एक तुकडा लागतो, त्यावर कालच्या कोणाचीतरी अक्षरं अजून जाणवतात. ती अंगठ्याने चिरडा. सगळा गाळ एकत्र मळायचा, खडा लागला तर काढून टाकायचा, गवताची काडी तर हमखास निघते. पुरी लाटण्याआधी लाटी करतात तसा गोळा तळहातांत फिरवून जरा चपटा करा. झाली पाटी. ती तळहातात मावते, ओलसर आहे, तुमच्या अंगठ्याचा ठसा मागे उमटलाय. बोरू कानावर आहेच. त्याचं टोक मातीत दाबलं की पाचरीसारखी खूण उमटते. रेघ ओढायची नसते, दाबायचं आणि उचलायचं. उभी पाचर म्हणजे १. कोपऱ्याने दाबलेली रुंद खूण म्हणजे १०. या दोन खुणांवर सगळं गणित चालतं.

अंगणात गोंगाट आहे. सगळ्यांत लहान मुलं भिंतीला टेकून ‘तु-ता-ती, नु-ना-नी, बु-बा-बी’ असं घोकतायत. त्यांच्या पलीकडचे झाडांची आणि लाकडी वस्तूंची नावं लिहितायत, नुसतीच नावं, एकाखाली एक. आणि तुमच्या वर्गातले, म्हणजे सावलीच्या पट्ट्यात बसलेले सहा-सातजण, पाढे. मुली या अंगणात दिसत नाहीत. तिकडे सिप्पर शहरात मात्र देवालयाशी जोडलेल्या बायकांमध्ये लेखनिक बायका आहेत.

पाढे ऐका जरा. तुमच्या आजोबांना पावकी, निमकी, सवाईकी, दिडकी तोंडपाठ होती ना? ती पिढी इथे सहज रमली असती. इथे भागाकार नावाचा प्रकारच नाही. त्याऐवजी जोड्या पाठ करायच्या, ज्यांचा गुणाकार ६० होतो अशा. दोनाची जोडी तीस, तीनाची वीस, चाराची पंधरा, आठाची साडेसात, चाळिसाची दीड. चाळिसाने भागायचं असेल तर दिडाने गुणायचं आणि उत्तर एक घर खाली सरकवायचं. सातावर मात्र सगळे आवाज थबकतात, कारण साताची नेटकी जोडी निघत नाही. सात आला की पुढे उडी.

६० का, असं विचारलंत तर मनगटावरच्या घड्याळाकडे बघा (ते नाहीये, पण सवयीने बघितलंतच). १०० मिनिटं म्हणजे १ तास ४० मिनिटं, हे तुम्ही विचारसुद्धा न करता म्हणता. इथलं सगळं मोजमाप तसंच चालतं. शंभर लिहायचे तर एक पाचर, थोडी जागा, मग चाळीस. फरक एवढाच की ‘तास’ आणि ‘मिनिटं’ हे शब्द लिहायचे नाहीत. एक पाचर म्हणजे १, की ६०, की साठावा भाग, हे लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवायचं. शून्य नाही. दशांशचिन्हासारखं काही नाही. थोडी जागा सोडायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

ऊन अंगणाच्या मध्यावर आलंय. माश्या भाकरीच्या वासाने तुमच्या हातांवर बसतायत आणि हात ओल्या मातीने भरलेले असल्यामुळे उडवता येत नाहीत. इतक्यात दादा समोर येऊन उभा राहतो. दादा म्हणजे गुरुजींच्या हाताखालचा मोठा विद्यार्थी. मिशी फुटतेय, अधिकार त्याआधीच फुटलाय. तो गणित सांगतो.

“एक दरवाजा. उंची आठ हात, रुंदी दोन हात. कर्ण किती?”

पहिल्यांदा तुम्हाला हसू येतं. चार मीटर उंच आणि एक मीटर रुंद? (हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, अंदाजे अर्धा मीटर.) सगळ्या निप्पूरात घरांची दारं अशी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि हा दरवाजा कोणासाठी? उत्तर सोपं आहे, गणितासाठी. एका नळाने टाकी भरते आणि दुसऱ्याने रिकामी होते, तेव्हा दुसरा नळ बंद का करत नाहीत, असा प्रश्न तुम्ही शाळेत विचारला होता का? मग इथेही विचारू नका. पाठ अजून दुखतेय.

आणि हे गणित मी रचलेलं नाही. नेमक्या याच मापांचा दरवाजा असलेली पाटी आजही आहे. ती बहुधा सिप्परची. तिचे तुकडे झाले, एक भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला आणि दुसरा बर्लिनच्या संग्रहालयात. दोन्ही मिळून एकच पाटी आहे हे पुढे लक्षात आलं. म्हणजे आठ हात उंच दरवाजाचं गणित सोडवायला आता दोन देश लागतात.

तुम्हाला ते एकट्याने सोडवायचंय. बोरू घ्या.

आधी हातांचे भाग करायचे. बारा हातांची एक काठी, काठीचे ६० भाग, म्हणजे एका हाताचे ५. आठ हात म्हणजे ४०, दोन हात म्हणजे १०. पाटीवर ४० आणि १० उमटवा. आता दहाचा वर्ग, शंभर: लिहा १, जागा सोडा, ४०. चाळिसाची जोडी? मघाशीच घोकलीत, दीड. शंभराची दीडपट दीडशे: २, जागा, ३०. त्याचं अर्धं: १, जागा, १५. हे चाळिसात मिळवा.

इथेच गंमत आहे. तुमच्या शेजारचा मुलगा जीभ बाहेर काढून भराभर लिहितो आणि हात वर करतो. त्याचं उत्तर मोठं झालंय, त्याने ‘१, १५’ हे पंचाहत्तर समजून चाळिसात मिळवलेत. एकशेपंधरा भाग. तेवीस हातांचा कर्ण, आठ हातांच्या दरवाजाला! पाटीवर बघितलं तर त्याच्या खुणा आणि तुमच्या खुणा शेवटच्या ओळीपर्यंत तंतोतंत सारख्या आहेत. पण जोडीने गुणलं की एक घर खाली उतरायचं असतं, ते तो उतरला नाही. तुमचं ‘१, १५’ म्हणजे १ भाग आणि एका भागाचा पाव, सव्वा. चाळीस अधिक सव्वा, सव्वाएकेचाळीस भाग. पाचाने भागा, म्हणजे पाचाची जोडी बघा, बाराने गुणा, घर सरकवा. सव्वाआठ हात.

छडीचा आवाज शेजारून येतो, तुमच्यापर्यंत येत नाही. हा क्षण चाखा.

पण हे असं का? पाटीवर ते लिहिलेलं नसतं. या काळच्या पाट्यांवर नुसत्या आज्ञा असतात: हे घे, त्याने गुण, अर्धं कर, मिळव, एवढा कर्ण. कारण कोणी लिहून ठेवत नाही. ते सांगणारा कोणीतरी शेजारी उकिडवा बसलेला असावा लागतो. आज दादाचा मूड बरा आहे. तो अंगणातल्या मऊ मातीवर काडीने चौरस काढतो. “हा उंचीवरचा चौरस. चाळीस बाय चाळीस. ह्यात अजून ह्या रुंदीवरच्या चौरसाची माती घालायचीये, शंभर. घातली की जो मोठा चौरस होईल त्याची बाजू म्हणजे कर्ण. कुठं घालशील?” तुम्ही गप्प. तो चौरसाच्या उजव्या बाजूला एक बारीक पट्टी ओढतो, मग तळाला दुसरी. “दोन्हीकडं सारखी घाल. चाळीस आणि चाळीस, ऐंशी लांबीवर शंभर माती पसरली. जाडी किती?” सव्वा. “मग बाजू किती?” सव्वाएकेचाळीस.

तुम्ही आता दहावी-बिहावी होऊन गेलेले आहात, म्हणून कोपऱ्याकडे बोट दाखवता. दोन पट्ट्या जिथे भेटतात तिथे एक इवलासा चौरस रिकामा राहिलाय, सव्वा बाय सव्वा. तो भरायला माती उरलेली नाही, म्हणजे खरा कर्ण सव्वाएकेचाळीसहून किंचित कमी असणार. दादा त्या कोपऱ्याकडे बघतो, तुमच्याकडे बघतो आणि पायाने आकृती पुसून टाकतो. एवढ्या-तेवढ्याला कोण विचारतो!

बरोबरच आहे त्याचं. चार मीटरच्या दरवाजाला त्याची चूक दोन मिलिमीटरचीही होत नाही.

दुपारी गुरुजी आतल्या खोलीत आडवे झाले की तुम्ही आणि तो तेवीस हातवाला गल्लीत सटकता. बाहेर गेल्याबद्दल वेगळा मार आहे हे माहीत आहे, पण आठ हातांचा दरवाजा प्रत्यक्ष बघायची हौस आहे. पावलांखालची धूळ चटके देतेय. खजुराच्या काथ्याचा दोर कोणाच्यातरी खुंटीवरून उचललेला आहे. आठ हात मोजून काडी रोवा. दोन हात मोजून दुसरी. चौकट धुळीत आखली की दोर कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याला ताणा आणि त्यावर हात टाकत जा. सात. आठ. आणि पुढे? पुढे भरपूर उरतंय. जवळपास नऊ भरतायत.

“गुरुजी खोटं बोलतात,” शेजारचा म्हणतो, आणि आनंदाने त्याचा चेहरा उजळतो.

समोर एक गवंडी भिंतीच्या सावलीत बसून नळीने बिअर ओढतोय. जवाची बिअर गाळलेली नसते, वर टरफलं तरंगतात, म्हणून मडक्यात वेताची नळी खुपसून प्यायची. तो बराच वेळ तुमचा उद्योग बघतोय. न उठता म्हणतो, “दुसऱ्या कोपऱ्यातनं मापा रे, पोरांनो.” दुसरा कर्ण मापता, तर तो आठाच्याही आत येतो. चौकट काटकोनात नाहीये, एका बाजूला कललेली आहे. गवंडी मडकं खाली ठेवतो, येतो, पायाच्या अंगठ्याने एक काडी सरकवतो, दोर इकडून ताणतो, तिकडून ताणतो, पुन्हा सरकवतो. दोन्हीकडचे दोर सारखे झाले. “आता मापा.” आठ हात आणि वर जेमतेम पाव. दोन मिलिमीटरचं काय घेऊन बसलात, दोरच त्याहून जाड आहे.

त्या गवंड्याला सव्वाएकेचाळीस भाग माहीत नाहीत, वर्ग माहीत नाहीत, पाचरी वाचता येत नाहीत. त्याला फक्त एवढं ठाऊक आहे की दोन्ही कर्ण सारखे आले तर कोपरे खरे. घर बांधायला तेवढं पुरतं. मला तर वाटतं, या गणिताची निकड निप्पूरात कोणालाच नव्हती. आपण नेहमी ऐकतो की भूमिती शेतं मोजण्यातून, इमारती बांधण्यातून आली, आणि सुरुवातीला ते असेलही. पण हा उभट, निरुपयोगी दरवाजा काही कोणा सुताराने सांगून बनवून घेतलेला नाही. हा शाळेतला खेळ आहे. मार खाणाऱ्या पोरांनी आणि मारून कंटाळलेल्या मास्तरांनी जिवंत ठेवलेला.

तेवढ्यात गाढव येतं, सकाळचंच, आणि तुमच्या दरवाजातून आडवं चालत जातं.

आता एक गोष्ट मिटवून टाकू, कारण ती केव्हाची तुमच्या ओठांवर आहे. ‘पायथागोरस कुठाय?’ तो जन्माला यायला अजून हजाराहून जास्त वर्षं आहेत. ‘आणि आपले बौधायन?’ तेही पुढेच. त्यांच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णावरच्या दोरीचा हाच नियम यज्ञवेदी आखण्यासाठी स्पष्ट सांगितलेला आहे, पायथागोरसच्या नावाची वाट न बघता. तिथेही दोरच, तिथेही जमिनीवरच आखणी. पहिला मान कोणाचा यावर भांडायला तुम्हाला आत्ता सवड नाही. सिद्धता मात्र या अंगणात कोणी मागत नाही. तो हट्ट पुढे ग्रीकांनी धरला आणि आपल्या दहावीच्या पुस्तकात येऊन बसला.

परत आत या, गुरुजी जागे होतायत.

सावली सरकून समोरच्या भिंतीवर गेलीय. कोपऱ्यात एक मोठा मुलगा गोल, जाडसर पाटीवर काहीतरी करतोय. चौरस काढलाय, त्यात दोन्ही कर्ण. बाजूवर ३०. कर्णावर एका ओळीत १, २४, ५१, १०. त्याखाली ४२, २५, ३५. डोकावून बघा, पण हळू, त्याची सावली हलली तर तो खेकसेल. वरची ओळ म्हणजे चौरसाच्या कर्णाचा ठरलेला गुणक, आपण ज्याला दोनाचं वर्गमूळ म्हणतो तो. बाजू कितीही असो, त्याने गुणा की कर्ण आला. हा आकडा त्याने काढलेला नाही, तो तयार कोष्टकातून पाठ केलेला असणार. पण ज्या कोणी काढला त्याला सलाम. एक किलोमीटर बाजूचा चौरस घेतला तरी कर्णात एक मिलिमीटरची चूक पडत नाही. असलीच एक पाटी, जेमतेम तळहाताएवढी, आज अमेरिकेत येल विद्यापीठात आहे आणि गणिताच्या इतिहासाच्या पुस्तकांत तिचा फोटो हमखास असतो. तो खेकसणारा मुलगा एवढा प्रसिद्ध होईल असं इथे कोणालाही वाटत नाहीये. गुरुजी येतात, पाटी उचलून बघतात, काही न बोलता खाली ठेवतात. न मारणं म्हणजे शाबासकी.

तुमच्या पाटीचं मात्र काय होणार? हौद. दिवस संपला की सगळ्या पाट्या हौदात. सव्वाएकेचाळीस विरघळेल आणि उद्या त्यातून कोणीतरी तु-ता-ती करेल. क्वचित एखादी कोरडी होऊन राहते. त्या घरात सापडलेले तुकडे तसेच वाचले, शाळा बंद पडल्यावर कोणीतरी ते जमिनीत आणि भिंतींत भर म्हणून घालून टाकले. तुमचा गृहपाठ दुसऱ्याच्या पायाखाली.

पण आज तुम्ही पाटी हौदात टाकत नाही. कमरेच्या वस्त्रात खोचून घरी आणता, कारण आज घरी पाहुणे आहेत. कोण ते तुम्हाला आठवतं तेव्हा पोटात गोळा येतो. मघाच्या त्या सुमेरी कथेतला मुलगा शेवटी वैतागून बापाला सांगतो की मास्तरांना एकदा जेवायला बोलवा. ती कथा तुमच्या बाबांनीही लहानपणी गिरवली होती, आणि त्यांनी तिच्यातून एवढंच व्यवहारज्ञान घेतलं.

गुरुजी मानाच्या जागी बसलेत. गच्चीवरच पंगत आहे, खालच्या खोलीत अजून भाजतंय. समोर भाजलेला मासा, कांद्याची पात, लसूण, खजूर, जवाच्या गरम भाकऱ्या, आणि मडक्यात दोन नळ्या. तुम्ही वाढताय. आई पदराआडून, म्हणजे जिन्याआडून, खुणा करतेय की अजून तेल घाल. बाबा गुरुजींना नवं वस्त्र देतात. मग बोटात अंगठी घालतात. गुरुजी नको नको म्हणत बोट पुढे करतात. तुम्हाला सकाळची छडी आठवते, ती याच हातात होती.

“पोरगं हुशार आहे,” गुरुजी म्हणतात. हे तुम्ही प्रथमच ऐकताय. तुम्ही संधी साधून कमरेची पाटी काढून पुढे करता. ते ती दिव्याजवळ धरतात, सव्वाएकेचाळीसवर अंगठा फिरवतात. माती वाळून पाटीला एक चीर गेलीय. “बरं आहे. पण हे सरळ होतं. उंची-रुंदी दिली, कर्ण काढला. आता उलटं सांग. आयताचा कर्ण पंचाहत्तर. क्षेत्रफळ सत्तावीसशे. बाजू किती?”

हेही खरंखुरं गणित आहे. याची पाटी बगदादजवळच्या एका टेकाडात निघाली आणि तिच्यात शेवटी ताळासुद्धा करून दाखवलाय, दोन्ही बाजूंचे वर्ग मिळवून, मूळ काढून, कर्ण परत आला का ते बघितलंय. तुम्हाला ते सगळं आत्ता आठवत नाही. तुम्हाला फक्त दिसतंय की गुरुजींनी दुसरा मासा ओढून घेतला.

डोक्यात सुरुवात करता. पंचाहत्तरांचा वर्ग छप्पन्नशे पंचवीस. त्यातून क्षेत्रफळाची दुप्पट काढली, चोपन्नशे, उरले दोनशे पंचवीस. त्याचं मूळ पंधरा. म्हणजे दोन बाजूंमध्ये पंधराचा फरक. अर्धं साडेसात, आणि साडेसाताचा वर्ग...

“सांग ना रे,” बाबा म्हणतात. मासा त्यांचा, अंगठी त्यांची, आणि आता घाई पण त्यांनाच.